देवघेव रजिस्टर रद्दीत घालू नका : ब्रिटनमधील डाव्या चळवळीच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधील कामगार संघटनांचे पदाधिकारी, मजूर पक्षाच्या आणि सहकारी चळवळीच्या शाखा, तसेच डाव्या चळवळीची पुस्तके आणि दप्तरे सांभाळणाऱ्या ग्रंथालयांचे व अभिलेखागारांचे विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

आम्ही महाराष्ट्रात ग्रंथालये, दप्तरखाने आणि भाषांतर यांच्या कामात असलेली माणसे आहोत. पत्र मराठीत लिहिले आहे, कारण ज्या ठेव्याबद्दल ते आहे त्यात मराठी वाचकाचाही वाटा आहे आणि तो त्याला ठाऊक असायला हवा. इंग्रजी प्रत आपल्यापर्यंत पोहोचेलच.

लिहिण्याचे कारण एका वाक्यात सांगता येईल. दोन संघटनांचे विलीनीकरण होते, शाखेची इमारत विकली जाते, कपाटे रिकामी करायची वेळ येते, आणि त्या घाईत डाव्या विचाराचा सर्वांत मोलाचा भाग आधी फेकला जातो. नामवंतांची बांधीव पुस्तके कोणीतरी बाजूला काढून ठेवतो. इतिवृत्ताच्या वह्या, सायक्लोस्टाइलवर काढलेली पत्रके, अभ्यासवर्गांची टिपणे, चार-चार पैशांच्या पुस्तिका आणि वाचनालयाची देवघेव रजिस्टरे मात्र बाहेर उभ्या केलेल्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत जातात. खरे तर निवड उलटी व्हायला हवी. विल्यम मॉरिस, आर. एच. टॉनी, ई. पी. थॉम्सन या डाव्या विचारवंतांची पुस्तके जगभरच्या शेकडो ग्रंथालयांत आहेत. त्यांची एक प्रत गेली तर विचार जात नाही. पण एखाद्या शाखेच्या १९२६ सालच्या इतिवृत्ताची वही जगात एकच असते.

वैचारिक वारसा म्हटले की थोरांची यादी डोळ्यांपुढे येते: १६४७ मध्ये पटनी येथे वाद घालणारे समतावादी लेव्हलर, टॉमस पेन, रॉबर्ट ओवेन, मताधिकारासाठी लढलेले चार्टिस्ट, टप्प्याटप्प्याने समाजवाद आणू पाहणारे फेबियन, १९५६ नंतरचे नवे डावे. यादी खरीच आहे. पण विचार यादीतून पसरला नाही. तो वाचनगटांतून, संस्थांच्या ग्रंथालयांतून, संपाच्या काळात हातोहात फिरलेल्या पत्रकांतून पसरला. कोणी काय वाचले, कशावर वाद घातला, कोणते पुस्तक पाच महिने परत आले नाही, हे ज्या कागदांवर दिसते ते कागद म्हणजे वारसा.

साउथ वेल्सचे उदाहरण आपल्याला आमच्यापेक्षा अधिक जवळचे आहे. तिथल्या कोळसा खाणींच्या गावांत कामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे कापून देऊन संस्था उभारल्या आणि त्यांत ग्रंथालये केली. ट्रेडेगरच्या कामगार संस्थेच्या ग्रंथालयात अन्युरिन बेव्हन वाचून घडले आणि पुढे ५ जुलै १९४८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे ते मंत्री होते. खाणी बंद पडू लागल्या तशी ही ग्रंथालयेही मोडली. पुस्तके जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांकडे गेली, काही रद्दीत गेली. उरलेली गोळा करून १९७३ मध्ये स्वान्सी येथे साउथ वेल्स मायनर्स लायब्ररी उघडली, म्हणून आज काहीतरी हाती आहे. सुटे पुस्तक बाजारात पुन्हा मिळेल. एका गावच्या खाणकामगारांनी एका काळात कोणती पुस्तके शेजारी-शेजारी ठेवली होती, हे मात्र संग्रह एकदा फुटला की पुन्हा कळत नाही.

लेफ्ट बुक क्लबचेही तेच. १९३६ मध्ये प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ, हॅरोल्ड लास्की आणि जॉन स्ट्रेची यांनी तो सुरू केला, दरमहा अडीच शिलिंगांत एक पुस्तक, आणि भरात असताना सभासद पन्नास हजारांवर गेले. केशरी रंगाच्या मऊ वेष्टनाची, ‘जनतेला विक्रीसाठी नाही’ असे छापलेली ती पुस्तके आजही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सापडतात. ती नष्ट होण्याची भीती आम्हाला नाही. क्लबची खरी ताकद गावोगावचे चर्चागट होते. त्यांच्या सभांची टिपणे, वक्त्यांची पत्रे, हजेरीचे कागद कुठल्या घराच्या माळ्यावर असतील ते आपल्याच लोकांना माहीत, आणि ती पिढी आता संपत आली आहे. ब्रिटिश कम्युनिस्ट नेते रजनी पाम दत्त यांचे ‘इंडिया टुडे’ १९४० मध्ये याच क्लबने काढले आणि १९४७ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती मुंबईहून निघाली. एका पुस्तकाचा लंडन ते मुंबई हा प्रवास जुळवायचा तर दोन्ही टोकांचे कागद हवेत. इकडचे टोक आम्ही शोधतो आहोत. तिकडचे आपण सांभाळा.

आमचा संबंध नेमका काय, तेही सांगतो. शापूरजी सकलातवाला १८७४ मध्ये मुंबईत जन्मले आणि बॅटरसी नॉर्थमधून १९२२ ला मजूर पक्षाचे, १९२४ ला कम्युनिस्ट म्हणून पार्लमेंटवर गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले ते १८९५ मध्ये फेबियन मंडळींनी, सिडनी आणि बिअॅट्रिस वेब यांच्या पुढाकाराने, उभारले होते. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. इंग्रजीत त्याचे नाव १८९३ मध्ये ब्रॅडफर्डला स्थापन झालेल्या केअर हार्डींच्या पक्षाचेच होते. आणि मीरत, म्हणजे ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेला कटाचा खटला. २० मार्च १९२९ ला झालेल्या धरपकडीत मुंबईत काम करणारे डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, अधिकारी, आळवे, कासले होते, तसेच फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे दोन इंग्रजही होते. लेस्टर हचिन्सन मागाहून पकडले गेले. आदल्या वर्षीच्या सहा महिन्यांच्या गिरणी संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली होती, आणि ब्रॅडली त्या युनियनच्या कामात होते. निकाल लागायला जानेवारी १९३३ उजाडले.

या खटल्याचे ब्रिटनमध्ये काय झाले पाहा. कामगार नाट्यचळवळीने ‘मीरत’ नावाचा छोटा प्रवेश बसवला. सॅल्फर्डच्या रेड मेगाफोन्स या पथकाने तो केला. नेपथ्य म्हणजे सहा काठ्या. नट त्या उभ्या-आडव्या धरत आणि तुरुंगाचे गज तयार होत. गजांआडून ते थेट प्रेक्षकांशी बोलत. रस्त्यावर, लँकेशायरच्या कापड कामगारांपुढे, मुंबईच्या गिरणी कामगारांची बाजू. मँचेस्टरच्या मालाने आपल्या मागांवर गदा आणली असे मानणारा मुंबईचा कामगार, मुंबईच्या गिरण्यांनी आपले काम नेले असे ऐकलेला लँकेशायरचा कामगार, आणि त्यांच्यामध्ये सहा काठ्या. यापेक्षा मोठे वैचारिक काम कोणत्या ग्रंथाने केले असेल? आणि त्याचा पुरावा कसला, तर काही पाने संहिता, काही पत्रके, सभेची हँडबिले. हीच ‘फुटकळ’ म्हणून आधी बाद होतात.

आता तक्रारी.

पहिली मालकीची. शाखांनी आपले दप्तर अभिलेखागाराला दिले तेव्हा ते बक्षीस होते की ठेव, याचा कागद पुष्कळदा नसतो. ठेव असेल तर मूळ मालक ते परत मागू शकतो. तो मालक विलीन झाला तर हक्क नव्या संघटनेकडे जातो, आणि तिला ते दप्तर आपले आहे हेच ठाऊक नसते. बक्षीस असेल तर ताब्यात असलेली संस्था ते पुढे देऊ वा विकू शकते. संस्थेवर आर्थिक ताण आला की हा न लिहिलेला कागद महागात पडतो. २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाने विमेन्स लायब्ररी या स्त्री चळवळीच्या संग्रहासाठी नवे घर शोधायचे ठरवले तेव्हा केवढी चळवळ करावी लागली आणि मग २०१३ मध्ये तो संग्रह लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला, हे आपण पाहिले आहे. तो संग्रह प्रसिद्ध होता म्हणून एकसंध राहिला. ज्याचे नाव कोणाला माहीत नाही त्याच्यासाठी कोण सही गोळा करणार?

दुसरी तक्रार भीतीची आहे. सभासदांच्या याद्या आणि देवघेव रजिस्टरे ‘खासगी माहितीच्या कायद्यामुळे’ नष्ट केल्याचे कारण सांगितले जाते. हे कायद्याचे चुकीचे वाचन आहे. तुमचा माहिती संरक्षण कायदा जिवंत व्यक्तींच्या माहितीला लागू होतो, आणि २०१८ च्या कायद्यात सार्वजनिक हितासाठी अभिलेख जतन करण्याला स्वतंत्र तरतूद आहे. नावे संवेदनशील असतील तर वही बंद करून ठेवा. अभिलेखागारे सर्वसाधारणपणे माणसाचे आयुष्य शंभर वर्षे धरून हिशेब करतात. १९५० च्या रजिस्टरात वीस वर्षांचा सभासद असेल तर १९३० मध्ये शंभर मिळवा आणि २०३० ला ती वही उघडा. जाळायची, फाडायची गरज कुठेच नाही.

तिसऱ्या तक्रारीवर आम्ही जरा थांबणार आहोत, कारण यात हेतू चांगला असूनही हानी होते. कागद कसा मरतो हे समजून न घेता केलेले जतन.

‘नॉर्दर्न स्टार’ हे चार्टिस्टांचे वृत्तपत्र १८३७ मध्ये लीड्सहून निघाले. तेव्हाचा कागद सुती आणि लिनन कापडाच्या चिंध्यांपासून होई, म्हणून त्याचे अंक अजून घडी सहन करतात. त्यानंतर नव्वद-शंभर वर्षांनी, १९३० च्या दशकात छापलेली संपाची पत्रके आणि वृत्तपत्रे मात्र तपकिरी पडून कडेने पापडासारखी तुटतात. कारण लाकडाचा लगदा. त्यातले लिग्निन प्रकाशाने आणि हवेने काळवंडते, कागद बनवताना घातलेल्या तुरटीमुळे आम्ल तयार होते, आणि ते आम्ल तंतू तोडत जाते. म्हणजे नवे आधी मरते. वयावरून क्रम लावणारी संस्था नेमके चुकीचे टोक आधी हाती घेते. जतनाचा क्रम कागदाच्या जातीवरून लावा: १९१४ ते १९५० मधला स्वस्त कागद सर्वांत आधी.

त्यातही पुस्तिकांच्या मधल्या पिना. लोखंडी पीन दमट हवेत गंजते, गंज कागदात उतरतो आणि पान नेमके घडीवर सुटते. घाईत पीन ओढून काढली की भोवतीचा कागदही येतो. रीत अशी: पुस्तिका मधल्या पानावर उघडायची, पिनेच्या दुमडलेल्या पायांखाली पातळ पोलादी पट्टी सरकवायची, आधी एक पाय सरळ करायचा, मग दुसरा, आणि बाहेरून पाठ अलगद उचलायची. पाय गंजून तुटला तर तुटू द्या, जोर लावू नका. त्याच दोन भोकांतून जाड सुती दोरा घालून सैल गाठ मारली की पुरे. नंतर आम्लरहित कागदाचे चार पाख्यांचे पाकीट. चिकटपट्टीने फाटके पान कधीही जोडू नये. तिचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो आणि पट्टी मात्र सुटून पडते. रबरबँड वितळून चिकटतात. पीव्हीसीचे बिल्ले पत्रकांच्या गठ्ठ्यात ठेवले की त्यातला मऊपणा देणारा द्रव बाहेर येऊन शाई उचलतो.

जागा म्हणाल तर १३ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि ३५ ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता ही तुमच्याच देशातल्या २०१२ च्या मार्गदर्शनातली मर्यादा होती. आकड्यापेक्षा चढउतार वाईट. दिवसा हीटर, रात्री बंद, अशा कार्यालयातले कपाट हे सारखे गार असलेल्या खोलीपेक्षा जास्त नुकसान करते. तळघर टाळा, छताखालचा माळा टाळा, आणि कुठलीही पेटी थेट जमिनीवर ठेवू नका. पाण्याचा नळ फुटला तर खालच्या पंधरा सेंटिमीटरांतलेच आधी भिजते.

अजून एक धोका लक्षात आणून देतो, कारण त्याला मुदत आहे. १९८४-८५ च्या खाणकामगार संपानंतरच्या काळातला कितीतरी पत्रव्यवहार फॅक्सवर झाला. थर्मल कागदावरचा फॅक्स स्वतःच्या रसायनाने फिकट होतो. उन्हात ठेवलाच पाहिजे असे नाही, पाकिटात बंद असला तरी होतो. त्याला बरे करण्याचा उपाय नाही. मजकूर दिसतो आहे तोवर त्याची साध्या कागदावर नक्कल आणि स्कॅन, हे एवढेच. ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत त्यांनी त्या या वर्षी उघडाव्यात. फ्लॉपी डिस्कचेही तसेच. चुंबकीय थर उडत जातो आणि वाचणारे यंत्र मिळेनासे होते. १९९० च्या दशकातले एखाद्या शाखेचे सगळे वार्तापत्र तीन-चार फ्लॉप्यांवर असू शकते.

चौथी तक्रार सूचीची. यादी नसलेला संग्रह शोधणाऱ्याला नसल्यासारखाच. पानापानाची वर्णने करत बसा असे आमचे म्हणणे नाही. पेटीची यादी पुरते: पेटी क्रमांक, कोणी निर्माण केली, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कागदांचे प्रकार, भाषा, अवस्था. सहा रकाने. सरावलेल्या माणसाला एका पेटीला साधारण अर्धा तास लागतो. चारशे पेट्यांना दोनशे तास, म्हणजे आठवड्याला दहा तास देणारा एक स्वयंसेवक पाच महिन्यांत ते पुरे करतो. आधी यादी, मग स्कॅनिंग. उलटे केले की संगणकात हजारो चित्रे जमतात आणि कोणते चित्र कशाचे ते कोणालाच सांगता येत नाही.

याच तक्रारीत आमचे खास गाऱ्हाणे आहे. देवनागरी दिसली की ‘हिंदी’ अशी नोंद होते. १९२० च्या दशकातल्या मुंबईच्या कामगार-शेतकरी पक्षाचे (वर्कर्स अँड पीझंट्स पार्टी, नंतरचा शेकाप नव्हे) ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक होते, गिरणी संपाची हँडबिले मराठी होती. ब्रिटिश लायब्ररीत हिंदुस्थान सरकारने जप्त केलेल्या प्रकाशनांचा जो संग्रह आहे त्यात मराठी पुस्तके-पत्रकेही आहेत. त्या संग्रहाची रीतसर सूची आहे म्हणून तो वापरता येतो. लहान संग्रहांत ही सोय नाही. भाषा न येणाऱ्यालाही एक खूण सांगतो: मजकुरात ‘आहे’ आणि ‘आणि’ वारंवार येत असतील, ‘ळ’ हे अक्षर दिसत असेल, तर ती मराठी. हस्ताक्षर सलग, एका रेघेला लटकलेले आणि हात न उचलता लिहिल्यासारखे असेल तर मोडी असू शकेल. शंका असेल तिथे ‘हिंदी’ न लिहिता ‘देवनागरी, भाषा तपासायची’ एवढेच लिहा. नावांचीही अशीच दैना आहे. सकलातवाला एके ठिकाणी ‘व्ही’ने, दुसऱ्या ठिकाणी ‘डब्ल्यू’ने. ‘गिरणी कामगार’ या दोन शब्दांची रोमन रूपे तर मोजवत नाहीत. शोधणारा एकच रूप टाकतो आणि निम्मे कागद हुकतात. प्रत्येक नावाचे एक प्रमाण रूप ठरवून बाकीची रूपे त्याला जोडणे हे ग्रंथपालाचे रोजचे काम आहे. मराठी नावांपुरते ते आम्ही विनामूल्य करून देऊ.

पाचवी, आणि आमच्या वाचकाला सर्वांत जास्त टोचणारी: कुलूप. सकलातवाला १९३६ मध्ये वारले. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, भारतात ६० वर्षे कॉपीराइट असतो. म्हणजे त्यांनी लिहून छापलेले सगळे दोन्ही देशांत केव्हाच मोकळे झाले. बेन ब्रॅडली १९५७ मध्ये गेले. त्यांचे लेखन भारतात २०१७ अखेर मोकळे झाले आणि ब्रिटनमध्ये २०२७ अखेर होईल. ज्या लेखनाची मुदत संपली आहे त्याच्या साध्या स्कॅनवर संस्था स्वतःचा हक्क सांगतात, शुल्क लावतात, पानावर आपला शिक्का उमटवतात. २०२३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मौलिकतेची कसोटी ज्या शब्दांत मांडली, त्यानंतर सपाट कागदाच्या जशाच्या तशा नकलेवर नवा कॉपीराइट सांगणे अवघड झाले आहे. आपल्या संकेतस्थळांवरच्या अटी त्याप्रमाणे बदला.

ज्यांचे लेखक सापडत नाहीत अशा पुस्तिकांचा प्रश्न खरोखर कठीण आहे, हे मान्य. युरोपीय नियमाखालची सवलत २०२० अखेर ब्रिटनसाठी संपली. उरली ती परवान्याची योजना. तो परवाना फार तर सात वर्षांचा आणि फक्त ब्रिटनपुरता मिळतो, म्हणजे त्या परवान्यावर चढवलेली पुस्तिका परळमध्ये बसलेल्या वाचकाला कायदेशीरपणे दाखवताच येत नाही. त्यात न छापलेल्या जुन्या हस्तलिखितांचा कितीतरी भाग २०३९ अखेरपर्यंत अडकलेला आहे, लेखक शंभर वर्षांपूर्वी वारला असला तरी. कायदा बदलणे आपल्या एकट्याच्या हातात नाही. पण कामगार संघटना पार्लमेंटमध्ये बोलू शकतात, आणि हा प्रश्न त्यांच्याच कागदांचा आहे. तोवर ज्या पुस्तिका संघटनांनी स्वतः काढल्या त्यांचे हक्क पुष्कळदा त्या संघटनांकडेच असतात. त्यांनी एका ठरावाने त्या खुल्या कराव्यात. एक सही, आणि हजारो पाने मोकळी.

स्कॅनिंगबद्दल थोडे आकडे, कारण ‘परवडत नाही’ हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. मजकुरासाठी ४०० पीपीआय (इंचाला ४०० ठिपके), रंगीत २४ बिट, मूळ प्रत न दाबलेली टिफ. ए-५ आकाराचे एक पान सुमारे २३ मेगाबाइटचे होते. २४ पानांची पुस्तिका साधारण ५५५ मेगाबाइट. अशा हजार पुस्तिका ५५५ गिगाबाइट, तीन प्रती ठेवल्या तरी पावणेदोन टेराबाइटच्या आत. एका हाताच्या मुठीत मावेल एवढ्या डिस्कवर हे बसते. महाग असते ते माणसाचे कष्ट, म्हणून तेच काम दुसऱ्यांदा करावे लागू नये. कृष्णधवल ‘फॅक्स’ पद्धतीचे स्कॅन करू नका. सायक्लोस्टाइलची फिकी अक्षरे त्यात उडून जातात आणि पेन्सिलने समासात केलेल्या खुणा तर हमखास जातात. प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा (फाइल जरा बदलली तरी बदलणारा सांकेतिक आकडा) काढून वेगळा ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून पाहा, नाहीतर खराब झालेली फाइल तुम्ही वर्षानुवर्षे विश्वासाने जपत राहाल. तीन प्रतींपैकी एक वेगळ्या शहरात आणि एक इंटरनेटला न जोडलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या संस्थेची सूची कितीतरी आठवडे बंद राहिली. छोट्या ग्रंथालयाने त्यातून हाच एक धडा घ्यावा.

चांगले केलेले दाखवायचे तर ते तुमच्याकडेच आहे. क्लार्कनवेल ग्रीनवरची मार्क्स मेमोरियल लायब्ररी १९३३ मध्ये उभी राहिली, जर्मनीत पुस्तके जळत होती त्या वर्षी. जाळण्याला उत्तर म्हणून ग्रंथालय. एडमंड आणि रूथ फ्रो या दांपत्याने, एक अवजारे बनवणारा कामगार आणि एक शिक्षिका, सुट्ट्यांमध्ये गावोगावची जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालून स्वतःच्या घरात संग्रह जमवला. घर भरून वाहू लागले तेव्हा १९८७ मध्ये तो सॅल्फर्डच्या इमारतीत आला आणि आज वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररी म्हणून उभा आहे. मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये मजूर पक्षाचे आणि १९९१ मध्ये विसर्जित झालेल्या कम्युनिस्ट पक्षाचे दप्तर एकाच छताखाली आहे. एकमेकांवर आयुष्यभर टीका करणारे दोन पक्ष एकाच वाचनकक्षात मागवता येतात. ‘नॉर्दर्न स्टार’ घरबसल्या, विनाशुल्क वाचता येतो. असे व्हायला हवे, एवढेच आम्ही म्हणतो.

प्रसाराबद्दलही दोन शब्द. संग्रहालयाच्या काचेत मूठ आणि झेंडा लावला की प्रसार झाला असे होत नाही. १९०३ मध्ये सुरू झालेल्या वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनची रीत आजही उत्तम आहे: लहान गट, एक शिक्षक, ठरलेला अभ्यास, आठवड्यामागून आठवडे. एकेका मूळ पुस्तिकेवर असा वर्ग घ्या. पुस्तिका सोळा पानांची असली तरी चालेल. तिच्या भोवतीचे चार कागद सोबत द्या: ज्या सभेत ती वाटली गेली तिचे हँडबिल, शाखेचा ठराव, विरोधकांचे पत्रक, पोलिसांची नोंद असेल तर तीही. त्यातून माणूस विचार करायला शिकतो, कारण प्रत्येक कागद दुसऱ्याला तपासतो. आणि विरोधी मते गाळू नका. १९५६ मध्ये सोव्हिएत फौजेने हंगेरीतला उठाव चिरडला त्यावरून तुमच्या चळवळीत जी फूट पडली तिचे दोन्ही बाजूंचे कागद सारख्याच काळजीने ठेवलेले असले पाहिजेत.

आमच्या मागण्या अशा:

१. कोणताही संग्रह बाद करण्यापूर्वी, विकण्यापूर्वी किंवा हलवण्यापूर्वी १२ महिने आधी जाहीर सूचना द्या. तीत पेट्यांची यादी असावी आणि तो इतर संस्थांना एकसंध देऊ करावा.

२. प्रत्येक दप्तरासाठी बक्षीसपत्र की ठेवकरार, हे या वर्षी लेखी ठरवा. विलीनीकरणाच्या करारातच अभिलेखांचे कलम घाला. आज ते नसते.

३. देवघेव रजिस्टरे, दाखल नोंदवह्या, सभासद याद्या नष्ट करणे तत्काळ थांबवा. बंद ठेवायच्या असतील तर उघडण्याचे वर्ष वहीवर लिहा.

४. संघटनांनी स्वतः प्रकाशित केलेल्या १९७० पर्यंतच्या पुस्तिका ठराव करून खुल्या करा, ब्रिटनबाहेरच्या वाचकांसाठीही.

५. मराठी आणि इतर भारतीय भाषांतील कागदांची वेगळी यादी करा. पहिल्या दोन पानांचे साधे छायाचित्र पाठवलेत तरी भाषा, विषय, साल आम्ही सांगू. पैसे नकोत. नोंद मात्र दुरुस्त झाली पाहिजे.

चौथ्या मागणीला आपला कायदेशीर सल्लागार कदाचित नको म्हणेल. मग हरकत आल्यास काढून टाकू, अशी सूचना ठळक लावून पुस्तिका चढवा. पुष्कळ अभिलेखागारे हीच वाट धरतात.

उत्तर जाहीर द्यावे, ही विनंती. निदान तीन गोष्टी कळवा: आपल्या ताब्यात यादी न झालेल्या पेट्या किती आहेत, त्यांत थर्मल फॅक्सच्या फाइली आहेत का, आणि मीरत खटल्याच्या बचावासाठी काढलेल्या पत्रकांपैकी आपल्याकडे कोणती आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले की आमच्याकडची मराठी बाजू आम्ही त्याच आठवड्यात पाठवू.

आपले,
महाराष्ट्रातील काही ग्रंथपाल, अभिलेखपाल आणि भाषांतरकार